मदत हवी आहे: एनएमएमएसमध्ये निवड झाली, पैसे मात्र अडकले. पालकसभेत काय सांगू?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी. एनएमएमएसचं, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन नववी ते बारावी मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचं काम यंदा माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी पालकसभा आहे आणि पहिला प्रश्न कुठला येणार ते आत्ताच माहीत आहे: "मॅडम, आमना पोरना पैसा कव्हय येतीन?"

आता नववीत असलेल्या चार मुलांची निवड झाली होती. एकाचेच पैसे आले. दुसऱ्याचा अर्ज एनएसपीवर (राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल) 'डिफेक्टिव्ह' दाखवतो, तिसऱ्या मुलीचा मंजूर आहे पण खात्यात रुपया नाही, चौथ्याचा अर्ज भरलेलाच नाही, कारण "परीक्षा पास झालो म्हणजे पैसे येतीलच" असं घरच्यांना वाटलं.

शिवाय आठवीची २६ मुलं. परीक्षा डिसेंबरच्या सुमारास, आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी. दिवाळीनंतर अर्धा वर्ग शेतात असतो. तयारी कशी बसवायची? दहावीच्या पालकांना अकरावीबद्दलही सांगायचं आहे. अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं, परिपत्रकं माझ्याकडे आहेत.

पांझरा

मॅडम, चौथ्या मुलापासून सुरू करा, कारण त्याचीच वेळ निघून चालली आहे. परीक्षेतली निवड म्हणजे फक्त हक्क. पैसे मिळण्यासाठी नववीत एनएसपीवर 'फ्रेश' अर्ज करावाच लागतो, आणि मग दहावी, अकरावी, बारावीला दर वर्षी 'रिन्यूअल'. वर्षाला १२,००० प्रमाणे चार वर्षांचे ४८,००० होतात. नववीचा फ्रेश अर्जच राहिला तर पुढे रिन्यूअल करायला काही उरतच नाही. पोर्टल अजून उघडं असेल तर आजच ओटीआर (पोर्टलवरची एकदाच करायची नोंदणी) काढून अर्ज भरा.

तीन मुदती वेगवेगळ्या असतात: विद्यार्थ्याची, शाळेच्या पडताळणीची, जिल्ह्याच्या पडताळणीची. मुलाने शेवटच्या दिवशी अर्ज भरला आणि शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड बदली झालेल्या गुरुजींबरोबर गेला, की अर्ज तिथेच मेला. मुख्याध्यापक आणि नोडल शिक्षक या दोघांचंही आधार प्रमाणीकरण आत्ताच तपासून ठेवा.

'डिफेक्टिव्ह' म्हणजे नामंजूर नव्हे. शाळेने किंवा जिल्ह्याने चूक दाखवून अर्ज परत पाठवला आहे. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये शेरा दिसतो. तो वाचून दुरुस्ती करायची आणि पुन्हा सबमिट करायचं. दुरुस्ती करून नुसतं सेव्ह केलं आणि सबमिट राहिलं, ही चूक सर्रास होते.

खडूफळा

तिसऱ्या मुलीचं म्हणाल, तर बहुतेक आधार सीडिंगचं, म्हणजे आधार आणि बँकेच्या जोडणीचं. बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या पडद्यावर खात्याला आधार क्रमांक जोडलेला दिसतो, आणि तो खरंच जोडलेला असतो. पण सरकारी पैसा आधारवरून येतो तो एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळ) नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे त्या बँकेत. ही नोंद वेगळी. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि शेवटी जिथे संमती दिली ती.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मुलीचा किंवा पालकाचा आधारला जोडलेला मोबाइल जवळ घ्या, 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपीने आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' किंवा 'इनअॅक्टिव्ह' असं येतं. मग तीन गोष्टींपैकी एक निघेल:

काहीच नोंद नाही: बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग' असं लिहिलेला संमती अर्ज द्या. नुसती केवायसी नको. पोचपावती घ्या आणि आठवड्याने पुन्हा स्टेटस बघा.

दुसऱ्याच बँकेचं नाव: गावात पोस्टाचा माणूस येऊन मुलांची पोस्ट पेमेंट बँकेची खाती उघडून गेलेला असतो, घरी कुणाला आठवतही नाही. पैसे तिकडे जमा झालेले असू शकतात. आधी ते खातं बघा, मग तक्रार करा.

इनअॅक्टिव्ह: बँकेने ती जोडणी बंद केली आहे, बऱ्याचदा केवायसी थकल्यामुळे. शाखेत जाण्याला पर्याय नाही.

आणि एक. खातं मुलीच्याच नावाचं हवं. वडिलांच्या पीक कर्जाच्या खात्याचं पासबुक जोडून काही होत नाही.

गिरणाकाठ

पोस्टाचंच निघालं! सीडिंग पोस्टाचं, पासबुक जिल्हा बँकेचं. उद्या पोस्टात पाठवते.

डिफेक्टिव्हचा शेरा 'नेम मिसमॅच'. जनरल रजिस्टरला (शाळेची प्रवेश नोंदवही) वडिलांचं नाव 'भिकन', आधारवर 'भिका'. मुलाच्या स्वतःच्या नावात यूडायसला (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) आडनाव आधी, आधारवर शेवटी. नेमकं काय बदलायचं?

पांझरा

सगळ्यात आधी जन्मदाखला काढा, त्यात काय आहे ते बघा. जन्मदाखला आणि जनरल रजिस्टर जुळत असेल तर रजिस्टरला हात लावू नका, आधार बदला. मुलाचं नाव आधारवर आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर पालकाला एकटं पाठवू नका. नाव कसं हवं ते कागदावर मराठीत आणि रोमन लिपीत ठळक लिहून द्या. केंद्रचालक उच्चारावरून स्पेलिंग टाकतो आणि दुसरा घोळ तयार होतो.

रजिस्टरच चुकलेलं असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच दुरुस्ती. प्रस्ताव मूल शाळेत असतानाच पाठवा. दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की हेच काम फार जड जातं. लाल शाईने खोडून वर लिहिणं ही जुनी सवय कृपया सोडा.

मुलाच्या नावाचा क्रम यूडायसवर आधारप्रमाणे करून घ्या, गट साधन केंद्रातून होतं. मुलाचं वय १५ झालं असेल तर बायोमेट्रिकही अद्ययावत करून आणा. पाचव्या वर्षीच्या फोटोवर दहावीतल्या पोराचा चेहरा ओळखला जात नाही, मग ओटीआरचं फेस ऑथेंटिकेशन तिथेच अडकतं.

माझं मत विचाराल तर हे सगळं काम सातवीत करायचं आहे. नववीत फक्त आग विझवणं चालतं. तुमच्याकडे येणाऱ्या सातवीच्या वर्गाची एक वही करा: जन्मदाखला, रजिस्टर, आधार, यूडायस, पासबुक असे पाच रकाने आणि प्रत्येकात नाव जसंच्या तसं. जिथे अक्षर वेगळं, तिथे गोल करा.

नवापूर लाईन

तयारीबद्दल. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं: बौद्धिक क्षमता (मॅट) आणि शालेय क्षमता (सॅट). सॅटमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पात्र ठरायला दोन्ही मिळून ४० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ३२ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही हे मुलांना शंभर वेळा सांगा.

सगळे शिक्षक गणितामागे लागतात आणि सॅटमधले इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल असे ३५ गुण वाऱ्यावर सोडतात. अभ्यासक्रम सातवीचा आणि आठवीच्या पहिल्या सत्राचा. म्हणजे सातवीची पुस्तकं परत गोळा करा, ती मुलांकडे नसतात.

वेचणीचं गणित असं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हेच तुमचे खरे महिने. रोज परिपाठाआधी ४० मिनिटं, आठवड्यातले चार दिवस मॅट. मॅटचे प्रकार मोजकेच: संख्यामालिका, अक्षरमालिका, सांकेतिक भाषा, वेन आकृत्या, आरशातली प्रतिमा, घड्याळ, दिशा, नाती. दर आठवड्याला एकच प्रकार घ्या. वेचणी लागल्यावर नवं काही शिकवायचं नाही, दर रविवारी सकाळी फक्त एक पूर्ण सराव पेपर. शेतात मजूर लागतात हे पालकाला सांगून बदलणार नाही, पण चार रविवारची सकाळ मागितली तर देतात.

ओएमआरचा (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा) सराव वेगळा घ्या. छापील उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढा आणि बॉलपेननेच भरायला लावा, पेन्सिल नको. मुलं ३७ नंबरचा प्रश्न सोडतात आणि ३८ चं उत्तर ३७ च्या गोलात रंगवतात, मग तिथून खाली सगळं एक घर सरकतं. उपाय साधा: दर १० प्रश्नांनी थांबून प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक यांवर बोट ठेवून बघायचं. सरावातच ही सवय लागली तर परीक्षेत आपोआप होतं.

अर्ज भरताना दोन अटी बघा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको, आणि सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के). शासकीय वसतिगृहात राहून भोजनाचा लाभ घेणारी मुलं बसत नाहीत. आमच्या नंदुरबारकडे याच कारणाने अर्ज बाद होतात, फुकट आशा लावू नका.

खडूफळा

सरांच्या उत्तराला जोड. पात्र झाला पण गुणवत्ता यादीत आला नाही, असा मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा मुलगा असेल तर सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. त्यासाठी अर्ज वेगळा. एनएमएमएसची यादी लागली की शाळा 'नाही लागलं' म्हणून फाइल बंद करते आणि हे राहून जातं.

चाळीसगाव जंक्शन

अकरावीबद्दल मी सांगतो. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात आहे, म्हणजे आपल्याकडेही. ओळखीने कॉलेजात जाऊन नाव नोंदवायचे दिवस गेले. अर्जाचा भाग १ म्हणजे माहिती, भाग २ म्हणजे पसंतीक्रम, जास्तीत जास्त १० कॉलेजं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे 'मोठं नाव आहे' म्हणून ४० किलोमीटरवरचं कॉलेज एक नंबरला टाकू नका. आधी एसटीची वेळ बघा.

शिष्यवृत्तीवाल्या मुलांसाठी इथेच खरी मेख आहे. अकरावी-बारावीचे पैसे चालू राहायला दहावीत ६० टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५५ टक्के), आणि पुढचं शिक्षण शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित ठिकाणी हवं. एकाच कॉलेजात अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा दोन्ही तुकड्या असतात, नाव सारखंच. पोर्टलवर कॉलेजच्या नावापुढचा प्रकार वाचूनच पसंती भरा. पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेला तर ही शिष्यवृत्ती थांबते. तो मार्ग वाईट आहे असं नाही, पण पालकाला आकडा आधी माहीत हवा. अकरावीचं रिन्यूअल नवं कॉलेज पडताळतं, तुमची शाळा नाही. मुलाला ओटीआर क्रमांक कागदावर लिहून द्या, नाहीतर तुमच्याच दारात परत येतो.

नवापूर लाईन

दोन विषयांत नापास झालेल्यांनाही सांगा: एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीत जाता येतं, शिवाय पुरवणी परीक्षा असते. नापास म्हणून दाखला काढून मजुरीला लागणारी पोरं दर वर्षी दिसतात.

अध्ययन अक्षमता किंवा दृष्टिदोष असलेल्या मुलाला दहावीत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. प्रमाणपत्रासह प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. नववीतच तपासणी करून घ्या, फेब्रुवारीत धावपळ करून काही होत नाही. आणि मुलींच्या एसटीच्या मोफत पासचं काम शाळा उघडताच आगाराशी बोलून मार्गी लावा.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. चौथ्या मुलाचा ओटीआर आज निघाला, पोर्टल अजून सुरू आहे. एकच शंका: उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा चालेल का?

पांझरा

दाखल्यावरच लिहिलेलं असतं, '३१ मार्च' कुठल्या सालची ते बघा. तारीख उलटली असेल तर सेतूतून नवा काढा. तहसीलला गर्दी असते, त्यामुळे तलाठ्याचा अहवाल उद्याच मागा आणि शनिवारच्या सभेत पालकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका, अर्जाचा नमुना भरूनच द्या.