मदत हवी आहे: हायड्रोजन किट असलेल्या गाडीसाठी कोणते ट्यूनिंग इलेक्ट्रॉनिक्स निवडावे?

नमस्कार. मी अलीकडेच घेतलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत (चार सिलिंडर, १२०० सीसी, मल्टिपॉइंट इंजेक्शन) आधीच्या मालकाने पाण्यापासून वायू तयार करणारे किट बसवून घेतले आहे. बॅटरीशेजारी स्टीलच्या पट्ट्यांचे सहा कप्प्यांचे सेल आहे, त्यात कॉस्टिक पोटॅशचे पाणी असते, आणि विजेने सुटणारा हायड्रोजन व ऑक्सिजनचा मिश्र वायू बबलरमधून एअर फिल्टरनंतरच्या पाइपात सोडलेला आहे. सेल चालते याविषयी शंका नाही. बॉनेट उघडले की बबलरमध्ये बुडबुड्यांची अखंड माळ दिसते, आणि गाडी सुरू केल्यावर १५ अँपिअरवर असलेला अँमीटरचा काटा तासाभराच्या प्रवासानंतर २० वर जाऊन टेकतो.

ॲव्हरेज मात्र वाढलेला नाही. टाकी काठोकाठ भरून मोजण्याच्या पद्धतीने दोन टाक्या किट चालू ठेवून आणि दोन टाक्या त्याचा फ्यूज काढून चालवल्या. किटसह लिटरला १४.४ किलोमीटर आणि किटविना १४.८ किलोमीटर मिळाले. किट बसवणाऱ्या कारागिराला हे सांगितले, तेव्हा त्याने लगेच खुलासा केला की, मिश्र वायूतला जादा ऑक्सिजन सायलेन्सरकडच्या सेन्सरला दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, झाल्यासारखे वाटते, ती पेट्रोल वाढवते आणि झालेली बचत तिथेच संपते. त्यावर त्याने तीन उपाय सुचवले आहेत: ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत बसणारी, व्होल्टेज वाढवणारी ‘ईएफआयई’ पेटी, मॅप सेन्सरचा (इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल कमी करणारी, डॅशबोर्डखाली बटण फिरवून जुळवण्याची पेटी, किंवा दोन्ही कामे करणारी प्रोग्रॅम करता येण्याजोगी एकत्रित चिप. शिवाय सेलसाठी पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झटपट चालू-बंद करून प्रवाह आवरणारे उपकरण) घ्यावा, असेही त्याचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. या तिघांपैकी कोणते उपकरण घेणे शहाणपणाचे ठरेल? माझ्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड (मिश्रण लीन की रिच, म्हणजे पेट्रोल कमी की जास्त, एवढेच सांगणारा) आहे की वाइडबँड (मिश्रणाचे प्रमाण मोजणारा), हे कसे ओळखावे? आणि कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) मागे असलेल्या सेन्सरलाही अशीच पेटी लावावी लागते, असे तो म्हणतो, ते खरे आहे का? मी विद्युत अभियंता नाही, मात्र मल्टिमीटर हाताळता येतो. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण फ्यूज काढून तुलना केलीत हे फार बरे झाले. बहुतेक जण किट आणि पेटी एकाच दिवशी बसवतात आणि मग कशामुळे काय झाले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आधी कारागिराचा खुलासा तपासू. पाण्याच्या विघटनातून हायड्रोजनचे दोन भाग आणि ऑक्सिजनचा एक भाग निघतो, आणि जळताना तो हायड्रोजन नेमका तेवढाच ऑक्सिजन वापरून पुन्हा पाणी होतो. म्हणजे सायलेन्सरकडे जादा ऑक्सिजन उरतच नाही, आणि ज्या चुकीची दुरुस्ती करण्यासाठी ही पेटी विकली जाते ती चूक सेन्सर करत नसतो.

आता हिशेब. २० अँपिअर आणि १३.८ व्होल्ट म्हणजे सेल २७६ वॅट खाते. सहा कप्प्यांतून त्या प्रवाहाला मिनिटाला जेमतेम ०.८४ लिटर हायड्रोजन निघतो, आणि तो जाळून मिळणारी ऊर्जा साधारण १५० वॅट भरते. आपल्या ॲव्हरेजने ताशी ७५ किलोमीटर वेगाने जाताना गाडी तासाला ५ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ४४ किलोवॅट जाळत असते. तीनशेत एक, एवढाच त्या वायूचा वाटा. उलट ते २७६ वॅट अल्टरनेटरमधून काढायचे, तर अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के आणि इंजिनची २५ टक्के धरली तरी सुमारे १८०० वॅटचे पेट्रोल जास्त जळते. आपल्या मापनातला ०.४ चा फरक दोन टाक्यांच्या मानाने लहान आहे, पण त्याची दिशा या हिशेबाशी जुळते.

हायड्रोजनमुळे लीन मिश्रण नीट पेटते, हे मात्र खोटे नाही. विक्रेते नासाच्या १९७७ च्या ज्या अहवालाचा दाखला देतात, त्यातले निरीक्षण तेच आहे. फक्त तिथला हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मेथॅनॉलपासून हायड्रोजन काढणाऱ्या रिफॉर्मर यंत्रातून आणलेला होता, अल्टरनेटरच्या विजेवर बनवलेला नव्हता.

मग या पेट्या करतात काय? नॅरोबँड सेन्सर मिश्रण लीन असताना ०.१ आणि रिच असताना ०.९ व्होल्टच्या आसपास असतो, आणि ईसीयू त्याला ०.४५ च्या वरखाली झुलवत ठेवते. ईएफआयई त्यात थोडे व्होल्ट मिळवते, ईसीयूला मिश्रण रिच भासते, आणि ती पेट्रोल कमी करते. जी काही बचत दिसते ती या कपातीची असते, हायड्रोजन बंद ठेवला तरी दिसेल. तिची किंमत मात्र इंजिन मोजते: थ्री-वे कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचे मिश्रण १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागते, ते लीन झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. मागच्या सेन्सरलाही पेटी लावायला सांगतात, ती ही गोष्ट ईसीयूच्या लक्षात येऊ नये म्हणून.

मॅप सेन्सरची पेटी मला याहून धोक्याची वाटते. सिग्नल कमी दिसला की ईसीयूला इंजिनवर भार कमी आहे असे वाटते, म्हणून ती पेट्रोल तर कमी करतेच, शिवाय स्पार्कही लवकर देते. चढावर, पूर्ण भाराखाली, लीन मिश्रण आणि ॲडव्हान्स टायमिंग एकत्र आले की नॉकिंग (इंधन अवेळी भडकून इंजिनात होणारी खटखट) ठरलेलेच. सपाट रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर ती चूक भरून काढतो, म्हणून बटण कितीही फिरवले तरी फरक जाणवत नाही, आणि म्हणूनच दोन्ही पेट्या जोडीने विकतात. एकत्रित चिप म्हणजे तेच दोन खोटे सिग्नल एका डब्यात.

सेन्सर ओळखण्यासाठी केवळ वायरी मोजू नका. पाच वायरी असतील तर तो बहुधा वाइडबँडच असतो, पण चार वायरींचेही काही एअर-फ्युएल सेन्सर येतात. ओबीडी स्कॅनर लावून गरम इंजिनवर लाइव्ह डेटा पाहा: आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सतत नाचत असेल तर नॅरोबँड, आणि लॅम्डा १ (म्हणजे तेच १४.७ ला १ प्रमाण) च्या जवळ जवळपास स्थिर दिसत असेल तर वाइडबँड. वाइडबँडवर साधी व्होल्टवाढीची पेटी चालतच नाही, कारण तिथे ईसीयू पंपाचा प्रवाह मोजत असते. त्याच पडद्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिमही (ईसीयू पेट्रोल कायम किती वाढवते किंवा, उणे असेल तर, घटवते तो आकडा) नोंदवून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल स्कॅनर लावला. आकडा ०.१२ ते ०.८३ मध्ये नाचतो, म्हणजे सेन्सर नॅरोबँड आहे. लाँग टर्म ट्रिम किट चालू असताना उणे १.६ टक्के आणि बंद असताना उणे ०.८ टक्के, ईसीयू पेट्रोल वाढवते हे कारागिराचे म्हणणे यात कुठेच दिसत नाही. तीनही पेट्यांचा विचार सोडला आहे. सेल काढून टाकेपर्यंत काही दिवस जातील. तोवर पीडब्ल्यूएम तरी बसवावे का?

प्रतिसाद

त्याचे काम खरे आहे, पण मर्यादित. पाणी तापले की त्याचा रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि पाणी आणखी तापते; आपला काटा १५ वरून २० वर जातो तो यामुळेच. पीडब्ल्यूएम तो प्रवाह रोखून धरते, ॲव्हरेजशी त्याचा संबंध नाही. काढणारच असाल तर खर्च करू नका, फ्यूज काढलेलाच ठेवा. एक गोष्ट मात्र आजच पाहा: सेलचा रिले इग्निशनच्या वायरीवर आहे की फ्युएल पंपाच्या? इग्निशनवर असेल, तर किल्ली फिरवून गाडी नुसती उभी असतानाही सेल वायू बनवत राहते, तो इनटेकमध्ये साठतो आणि स्टार्टर मारताच तिथेच पेटू शकतो. सेल काढताना हातमोजे आणि चष्मा वापरा, कॉस्टिक पोटॅश कातडी आणि डोळे दोन्ही जाळते, आणि एअर पाइपला पाडलेले छिद्र घट्ट बुजवून घ्या, नाहीतर तिथून फिल्टर न झालेली धूळ थेट सिलिंडरपर्यंत जाईल.