'बिगिन अगेन'मधील अपयश खरे की सोयीचे?

स्वरवेडी, सात रस्ता : दिग्दर्शक जॉन कार्नी यांचा 'बिगिन अगेन' हा चित्रपट २०१३ साली टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. ग्रेटा ही गाणी रचणारी तरुणी प्रियकरासोबत न्यूयॉर्कला येते, तिथे तो प्रसिद्ध होतो, आणि त्याने प्रवासात रचलेले एक नवे गाणे ऐकता ऐकताच ते आपल्यासाठी नाही, हे तिच्या ध्यानात येते. चिठ्ठी सापडत नाही, कोणी चुगली करत नाही; कानच तिला सत्य सांगतो. संगीतावर जगणाऱ्या माणसाचा अपेक्षाभंग इतक्या नेमकेपणाने मांडलेला मी इतरत्र पाहिलेला नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रियकर परत आला तरी तिच्या दुःखाची भरपाई प्रेमाने होत नाही. तिनेच त्याला भेट दिलेले गाणे तो भरगच्च मैफलीत गातो, ती ऐकते आणि सायकलवरून निघून जाते. हलकीफुलकी प्रेमकथा असूनही अपयशाशी प्रामाणिक राहिलेला चित्रपट म्हणून मी त्याला फार वर मानते.

पूर्वभागकर : आपल्याशी मी सहमत नाही. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे अपयश म्हणजे प्रेमभंग नव्हे. चातुर्मास लागला की लग्ने थांबतात, मधले गणपती आणि नवरात्र सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला काम नसते, आणि त्या काळात घरभाड्यासाठी ज्याला साउंडबॉक्स विकावा लागतो, त्याची गोष्ट या चित्रपटात कुठेच नाही. एका आयोजकाने ठरलेल्या बिदागीतली निम्मी रक्कम आजतागायत दिलेली नाही. इसार घेतला होता म्हणून निदान डिझेलचा खर्च तरी निघाला. ग्रेटाला राहायला मित्राचे घर मिळते, आणि वादक हवे झाले की तिची गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या डॅन या निर्मात्याने पूर्वी घडवलेला श्रीमंत रॅपर मदतीला उभा राहतो. ज्या अडचणीतून कथा खरी झाली असती, तीच अडचण कथाकाराने आधी दूर करून ठेवली आहे. त्यात प्रियकराच्या भूमिकेत 'मरून फाइव्ह' या बँडचा गायक अ‍ॅडम लेव्हिन आणि नायिका कीरा नाइटली असताना याला लोक 'स्वतंत्र', म्हणजे मोठ्या स्टुडिओबाहेर बनलेला, चित्रपट का म्हणतात, हेही मला समजत नाही.

जुना श्रोता, अक्कलकोट रोड : पूर्वभागकरांचे पैशाबाबतचे म्हणणे खरे आहे, पण चित्रपटाने जे दाखवायचे ठरवले, त्यावरच त्याचे मोजमाप व्हावे. कार्नी यांनी स्वतः एका आयरिश बँडमध्ये बास गिटार वाजवलेली आहे, आणि ते बारमधल्या प्रसंगात जाणवते. ग्रेटा एकटीच गिटारवर गाते, ऐकणाऱ्यांचे लक्ष नसते, पण नोकरी गेलेल्या, मद्याच्या अमलाखालील डॅनच्या कानात त्याच चालीवर पियानो, ड्रम आणि तंतुवाद्ये आपोआप वाजू लागतात. गाणे अजून उघडेवाघडे असताना त्यात काय भरायचे, हे ज्याला ऐकू येते तोच संगीत संयोजक. मी तरुणपणी पेटी वाजवायचो. अंतऱ्याच्या मधल्या जागेत बासरी हवी, हे ठाऊक असून बासरीवाला परवडत नसे. तो प्रसंग पाहताना मला माझ्या त्या सगळ्या रिकाम्या जागा आठवल्या.

पूर्वभागकर : बारमधला प्रसंग मलाही आवडला, ते मी नाकारत नाही. माझा आक्षेप रस्त्यांवर केलेल्या ध्वनिमुद्रणावर आहे. रेकॉर्ड कंपनी खर्च करायला तयार नाही म्हणून गल्लीत, गच्चीवर, भुयारी रेल्वेच्या फलाटावर गाणी ध्वनिमुद्रित होतात आणि शहराचा गोंगाट त्या गाण्यांचा भाग होतो. आमच्याकडे सोलापुरात पार्क चौकात हा प्रयोग केला, तर रिक्षाचे भोंगे गायकाचा आवाज गिळून टाकतील, आणि माइक सावरायला निदान दोन माणसे लागतील. त्या दोघांची मजुरी कोण देणार? चित्रपटात गरिबी केवळ रम्य देखाव्यापुरती उरते.

स्वरवेडी, सात रस्ता : मजुरीबाबतचा आपला मुद्दा मी मान्य करते, तो मी पाहिलाच नव्हता. मात्र पैशाची चणचण हेच एकमेव खरे अपयश, हे मी मानणार नाही. आपले गाणे दुसऱ्याच्या तोंडी मोठे होत असताना गर्दीत उभे राहून ऐकणे, हे दुःख आपल्या ऑर्केस्ट्रातल्या गायकालाही ठाऊक असेल. एकदा त्यांना विचारून पाहा, आणि ते काय म्हणतात ते इथे अवश्य लिहा.