मदत हवी आहे: स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीसाठी तासांची नोंद आणि बिलिंग एकत्र होईल असं सॉफ्टवेअर (ठाणे/नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

आमची नौपाड्याला छोटी स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी आहे. सर, मी, चार ज्युनिअर इंजिनिअर आणि अकाउंट्स बघणाऱ्या काकू, एवढीच माणसं. मुख्य काम सोसायट्यांची स्ट्रक्चरल ऑडिट, त्यातून रिपेअर निघालं तर त्याची पीएमसी (कॉन्ट्रॅक्टरच्या कामावरची देखरेख), आणि थोडं काम टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या फॅक्टऱ्यांचं. आत्ता तास एक्सेलमध्ये, बिलं वर्डमध्ये आणि हिशोब टॅलीत असं चाललंय आणि एकच माहिती तीन ठिकाणी टाईप होते. आता नीट काहीतरी घ्यायचंय. डेमो बघितले, पण आमच्या कामाला कुठलं बसेल ते ठरत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली अडचण ही की आमची बिलं तीन तऱ्हेची असतात. ऑडिटची फी ठरीव, बहुतेकदा स्क्वेअर फुटावर. पीएमसीची फी कॉन्ट्रॅक्टरच्या आरए बिलावर (काम होईल तसं टप्प्याटप्प्याने येणारं बिल) टक्केवारीने. आणि फॅक्टरीवाले तासावर नाहीतर व्हिजिटवर देतात. आणि जे सॉफ्टवेअर उघडावं ते तास गुणिले रेट म्हणजे बिल असं धरूनच चालतं. फॅक्टरीला ते चालेल, पण सोसायटीच्या कामात मला तास बिलासाठी नकोच आहेत, मला बघायचंय की ठरलेल्या फीतले तास नक्की कुठे जातात. रिबाउंड हॅमर, यूपीव्ही, हाफ सेल, कोअर काढणं अशा काँक्रीट-सळ्यांच्या चाचण्या, रिपोर्ट, याचा अंदाज आता बऱ्यापैकी येतो. रिपोर्ट दिल्यानंतरचं मात्र धरताच येत नाही, रात्री नऊची कमिटी मीटिंग, मग सभासदांची सभा, मग कोणाचे तरी पुण्याचे भाऊ इंजिनिअर आहेत त्यांना फोनवर सगळं पहिल्यापासून सांगणं, मग पार्किंगमधल्या कॉलमला नुसतं प्लॅस्टर का नाही चालणार, जॅकेटिंगच (कॉलमभोवती नव्या सळ्या-काँक्रीटचं वेष्टण) का, हे परत एकदा नवीन सेक्रेटरींना. हे समजावणं मला टाळायचं नाहीये, वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतीत अख्खा संसार केलेल्या माणसाला आपल्या घराचं काय होतंय ते कळायलाच हवं, आणि ते आमचंच काम आहे. फक्त त्याची नोंद राहिली तर पुढच्या कोटेशनमध्ये इतक्या मीटिंग धरल्यात, त्यावरच्या वेगळ्या, असं स्पष्ट लिहिता येईल. शिवाय उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं, म्हणजे तीच सोसायटी परत येते, तेव्हा मागच्या खेपेला किती तास लागले ते समोर दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट टायमरची. सगळे डेमोवाले मोबाईलवर बटण दाबा, टायमर सुरू, हेच आधी दाखवतात. बऱ्याच केमिकल फॅक्टऱ्यांत मोबाईल गेटवर जमा करून आत जावं लागतं. सोसायटीत बेसमेंटला नाहीतर पाण्याच्या टाकीखाली रेंज नसते. आणि हातात हॅमर असताना टायमर कोण बघणार. आम्हाला संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसल्या बसल्या दिवसाचे तास भरता येतील असा आठवड्याचा तक्ता हवाय, साधा, मोबाईलवर चालणारा, नेट नसलं तरी नोंद घेऊन ठेवणारा. स्क्रीनशॉट काढणारं किंवा जीपीएसने माणूस कुठे आहे ते दाखवणारं काही नकोय. ज्युनिअर मुलं उन्हातान्हात स्कॅफोल्डिंगवर चढून काम करतात, त्यांच्यावर पाळत ठेवायची नाहीये आणि त्यांना तसं वाटायलाही नको, नाहीतर तास खरे भरलेच जाणार नाहीत.

आता बिलाची बाजू, इथे परदेशी सॉफ्टवेअर बहुतेक अडतात. आम्हाला काय काय लागतं ते सांगते.

इमारत महाराष्ट्रात असेल तर ९+९ टक्के सीजीएसटी-एसजीएसटी, बाहेरच्या राज्यात असेल तर १८ टक्के आयजीएसटी, हे आपोआप. बिल नंबर ओळीने, १६ अक्षरांच्या आत, त्या आर्थिक वर्षात परत न येणारा. आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल), कारण कमिटीची मंजुरी होईपर्यंत वेळ जातो, आणि मग त्याचंच टॅक्स इन्व्हॉइस एका क्लिकला. वर्क ऑर्डरबरोबर ॲडव्हान्स येतो, सर्व्हिसमध्ये ॲडव्हान्सवर तेव्हाच जीएसटी लागतो, त्यामुळे रिसीट व्हाउचर आणि नंतर फायनल बिलात त्याची वजावट नीट दिसायला हवी.

आणि सगळ्यात डोकेदुखी टीडीएसची. १,००,००० फी, १८,००० जीएसटी, बिल १,१८,००० चं. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर १०% टीडीएस फक्त १,००,००० वर कापायचा, म्हणजे बँकेत १,०८,००० यायला हवेत. एका सोसायटीच्या खजिनदारांनी पूर्ण रकमेवर ११,८०० कापले, ते समजावण्यात वेळ गेला तो वेगळाच. सॉफ्टवेअरने पैसे जमा करताना टीडीएस वेगळा नोंदवून बिल बंद केलं पाहिजे. एका डेमोत ते १०,००० येणे बाकी म्हणूनच दिसत होते, तसं झालं तर काकू भरलेल्या बिलालाही रिमाइंडर पाठवत बसतील, आणि वर्षअखेरीला २६एएसशी (आयकर खात्याकडचा आपल्या टीडीएसचा तक्ता) जुळवणीही हातानेच.

आत्तापर्यंत जे बघितलं त्यात टॉगल ट्रॅक वापरायला सगळ्यात सोपं वाटलं, पाच जणांपर्यंत फुकट आहे, आम्ही तास भरणारे सहा, तिथेच गाडी अडते, आणि जीएसटीचं बिल त्यात होणार नाही. क्लॉकिफाय ठीक आहे, बिलाची अडचण तीच. हार्वेस्टमध्ये ठरीव फीचं काम आणि बजेट किती संपलं हे छान दिसतं, मला खरं तर तेच आवडलं होतं, पण ते जोडलं जातं क्विकबुक्स आणि झीरो (Xero) या हिशोबाच्या सॉफ्टवेअरशी, आणि क्विकबुक्स तर २०२३ च्या जानेवारीत भारतातून बंदच झालं. परदेशी कंपनीला जीएसटी नंबर दिला की तिच्या बिलावरचा १८% जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं, हेही काकूंच्या डोक्याला. झोहो बुक्समध्ये प्रोजेक्ट ठरीव फीचा किंवा तासावरचा असा निवडता येतो, टाईमशीट आहे, जीएसटी-टीडीएस आहे, त्यामुळे सध्या माझा कल तिकडे आहे. पण पीएमसीची टक्केवारी त्यात कशी बसवायची ते डेमोवाल्याला नीट सांगता आलं नाही, दर आरए बिलाला वेगळी रक्कम हाताने टाका म्हणाला.

टॅली सोडायची नाहीये, सीए आणि काकू दोघांचा हात त्यावर बसलाय. टॅली प्राइम ४.० पासून एक्सेलमधून एन्ट्री आत घेता येतात, म्हणजे दुसरीकडून महिन्याची बिलं एक्सेलला काढून टॅलीत टाकणं जमायला हवं. हे कोणी नियमित करतंय का? लेजरची नावं जुळवण्यात किती वेळ जातो?

आणि पीएमसी करणाऱ्या आर्किटेक्ट, इंजिनिअर मंडळींना मुद्दाम विचारते, आरए बिलाच्या टक्केवारीची फी आणि साईट व्हिजिटचे तास एकाच ठिकाणी बघता का, कशात? इंटिरिअरवाल्यांनाही हाच प्रश्न पडत असणार.

वाढीव: खाली दोघातिघांनी एक्सेलच नीट बांधा असं सुचवलंय, त्यांना धन्यवाद. तास भरायला एक्सेल पुरेल, मान्य, पण तासापासून टॅक्स इन्व्हॉइसपर्यंत परत टाईप करावं लागू नये हीच तर गरज आहे. कोणीतरी स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घ्या म्हणालं, ते नको, बनवणारा मुलगा नोकरी बदलून गेला की आम्ही अडकणार. बजेट विचारलंय, तर माणशी महिना ५०० रुपयांपर्यंत सर तयार आहेत. डेटा मात्र कधीही पूर्ण बाहेर काढता आला पाहिजे, क्विकबुक्सचं झालं तसं उद्या दुसऱ्याचंही होऊ शकतं आणि आम्हाला तीन वर्षांनी त्याच सोसायटीचे तास परत लागणार आहेत. आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का असंही कोणीतरी विचारलंय, तर हो, आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, बिलावर तो नंबर छापायची सोय हवीच, कारण फॅक्टऱ्यांना पैसे देण्याच्या ४५ दिवसांच्या मुदतीची आठवण करून द्यायला तो उपयोगी पडतो.

झोहो बुक्स आणि टॅली दोन्ही एकत्र वापरणारं ठाणे, ऐरोली, वाशी भागात कोणी असेल तर मी ऑफिसला येऊन अर्धा तास बघून जाईन, शनिवार चालेल.