टर्कीला साद घातली आणि बॉबकॅट आला : अमेरिकेतल्या शिकारीचे अनुभव

एप्रिल-मे म्हणजे अमेरिकेत रानटी टर्की या मोठ्या पक्ष्याच्या नरांच्या शिकारीचा हंगाम. इथल्या मराठी मंडळींपैकी जे रीतसर परवाना काढून त्यात उतरले आहेत, त्यांना हे आग्रहाचं बोलावणं. टर्कीची वाट बघत बसलेलं असताना कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), बॉबकॅट (रानमांजर), अस्वल किंवा कूगर (मोठं डोंगरी मांजर) जवळ आला तर काय करायचं, तेवढंच लिहा. किस्से बाजूला ठेवून पुढच्याच्या कामी येईल असं नेमकं लिहा.

सुरुवात मी करतो. असं का घडतं ते आधी समजून घ्या. टर्कीची नजर फार तीक्ष्ण, पण वासाच्या बाबतीत हा पक्षी अगदी कच्चा. म्हणून हरणाचा शिकारी वाऱ्याची दिशा बघतो, तशी टर्कीचा शिकारी बघत नाही. त्यात आपण डोक्यापासून पायापर्यंत कॅमो (झाडापाल्यात मिसळून जाणारे कपडे) घालून, जमिनीलगत न हलता बसतो आणि मादीचा आवाज काढतो. म्हणजे ज्याला ती मादी खायची आहे त्यालाही आपण बोलावतोच आहोत. तो आपल्यावर चालून आलेला नसतो, मादीला शोधत आलेला असतो. इथे मादी नाही, माणूस आहे, हे त्याला कळवणं हे पहिलं काम. पुढची उत्तरं ज्याच्या-त्याच्या राज्याच्या नावाखाली.

पेनसिल्व्हेनिया

बॉबकॅटचं सांगते. वजन साधारण ६ ते १८ किलो, पण पावलांचा आवाज अजिबात नाही. कायोटी वाळल्या पानांत ऐकू येतो, हा येत नाही. बहुतेक वेळा तो आपल्या मागून किंवा तिरकस बाजूने येतो, कारण आवाज आपल्याकडून निघतो, डिकॉयकडून (समोर रोवलेल्या नकली टर्कीकडून) नाही. म्हणून खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचं, हा नियम पाळाच. मूळ कारण मागच्या शिकाऱ्याच्या छऱ्यांपासून बचाव हे, पण मांजराची मानेवर झडप येण्याची वाटही त्याने बंद होते. उरतात दोन्ही खांद्यांमागचे कोपरे. चेहऱ्यावरची जाळी डोळ्यांच्या कडेला आली की तिकडचं काहीच दिसत नाही. जाळी नाकापर्यंतच ठेवा आणि वर टोपी घाला.

कॉल (टर्कीचा आवाज काढायचं साधन) कुठला वापरता यानेही फरक पडतो. बॉक्स कॉल किंवा स्लेटला दोन्ही हात लागतात, शिवाय हाताची हालचाल नेमकी आपल्या मांडीपाशी होते, आणि मांजर हालचालीवरच उडी घेतं. त्यामुळे जनावर दिसल्यावर कॉल ताबडतोब बंद. तोंडात धरायचा कॉल असेल तर हात मोकळे राहतात. पंधरा-वीस यार्डांवर असेल तर साध्या आवाजात बोललं तरी बॉबकॅट वळतो. दबा धरून अंग आखडलं असेल तर मोठ्याने ओरडा आणि बुंध्याला पाठ घासत सरळ उभे राहा.

मिसुरी

आपल्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला वळसा घालून कायोटी येतो. त्याला वास मिळाला की बहुधा विषय संपतो. डिकॉय वीसेक यार्डांवर रोवा, अगदी पायापाशी नको, म्हणजे झडप पडली तर डिकॉयवर पडेल. वास लागूनही तो हटत नसेल, भुंकत समांतर चालत असेल, तर जवळ बीळ आहे असं समजा. त्यांची पिल्लं याच दिवसांत असतात. तो आपल्याला हाकलत असतो. तोंड त्याच्याकडे ठेवून आलेल्या वाटेने परत फिरा.

नर टर्कीचा ठावठिकाणा काढायला काही जण कायोटीच्या ओरडण्याचा कॉल वाजवतात. दचकून नर ओरडतो हे खरं, पण खरा कायोटीही ऐकतो. माझ्या मते घुबडाचा आवाज पुरे.

आणखी एक खूण : ओरडत येणारा नर एकदम गप्प झाला, "पट् पट्" असे तुटक इशारे आले, कावळे किंवा ब्लू जे पक्षी कलकलाट करू लागले, तर बंदुकीच्या नळीकडे बघत बसू नका, आजूबाजूला बघा.

मोंटाना

इकडे मेरियम्स जातीची टर्की मिळते आणि काही भागांत ग्रिझलीही (मोठं तपकिरी अस्वल) असतो. इथे बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) हवाच. डबा किमान ७.९ औंसांचा आणि बेअर स्प्रे म्हणूनच नोंदलेला घ्या. स्वसंरक्षणाचा छोटा पेपर स्प्रे चालत नाही. मुदत बघा, साधारण चार वर्षं असते. विमानात नेता येत नाही, तिथे उतरूनच विकत घ्यावा लागतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलात तर फुटू शकतो.

चूक होते ती डबा लावण्यात. कमरेला लावलेला डबा बसल्यावर बुंधा आणि टर्की व्हेस्ट यांच्यात अडकतो. छातीवरचा पट्टा घ्या, व्हेस्टच्या वरून. बसल्या बसल्या काढून सेफ्टी क्लिप सरकवण्याचा सराव घरी रिकाम्या सराव-डब्यावर करा. अस्वल धावत आलं तर साधारण ३० ते ६० फुटांवर असताना, थोडं खाली नेम धरून एक-दोन सेकंद फवारा, म्हणजे ते फवाऱ्याच्या ढगातून येईल. पुढे आलंच तर पुन्हा.

काळं अस्वल अंगावर आलं तर प्रतिकार करायचा. ग्रिझलीने बचावासाठी झेप घेतली आणि अंगाला भिडलाच, तर पालथं पडून मानेवर हात बांधायचे, पाय फाकवायचे. पळायचं दोघांपासूनही नाही.

पक्षी पडल्यावर त्याची फडफड दूरवर ऐकू जाते. सेफ्टी लावा, लवकर पोहोचा, आजूबाजूला नजर टाकून मगच वाका. आतडी तिथेच काढलीत, तर काम होताच ती जागा सोडा.

साउथ डकोटा, ब्लॅक हिल्स

कूगरसमोर खाली बसलेला माणूस लहान दिसतो, हीच अडचण. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या फडात वाकून काम करणाऱ्यांना बिबट्याबद्दल जे बजावतात तेच इथे. नजर न हटवता उभे राहा, हात वर करा, जॅकेट पसरवा, मोठ्याने बोला, आणि सावकाश मागे सरका. वाटेत काठी-दगड उचलायला वाकू नका, आधीच हाताशी ठेवा. झेप घेतलीच तर लढायचं, मेल्याचं सोंग इथे चालत नाही.

व्हर्जिनिया

बंदुकीबद्दल, कारण बहुतेकांचा भरवसा तिच्यावर असतो. टर्कीच्या काडतुसात बहुधा ४ ते ६ नंबरचे छरे असतात. ते ३०-४० यार्डांवर पक्ष्याचं डोकं-मान धरायला बनवलेले. घट्ट चोकमधून (नळीच्या टोकाच्या अरुंद भागातून) दहा यार्डांवर छरे पसरतच नाहीत, मुठीएवढा झुबका जातो. धावत्या जनावरावर तो सहज चुकतो. अस्वलाला लागला तर ते फक्त जखमी होतं. शिवाय अनेक राज्यांत वसंतात बॉबकॅटची शिकार बंद असते. जीव वाचवायला मारावंच लागलं तर हात न लावता राज्याच्या वन्यजीव खात्याला लगेच कळवा.

झुडपात काहीतरी हललं म्हणून बार टाकू नका. तो दुसरा शिकारी असू शकतो. तो दिसला तर हात हलवू नका, "मी इथे आहे" असं मोठ्याने सांगा. लाल, पांढरं, निळं काही घालू नका, नराचं डोकं याच रंगांचं असतं.

एच-१बी वर असणाऱ्यांसाठी : या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना हा त्याला मान्य अपवाद. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी तारीख बघा.

रुग्णालयात काम करणारी, ओहायो

चावा किंवा ओरखडा, कितीही लहान असो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा. आधी रेबीजची लस घेतलेली नसेल तर इथे पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) जखमेत आणि जखमेभोवती देतात, शिवाय लस ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी. लहानपणी भारतात कुत्रा चावल्यावर इंजेक्शनं घेतली असतील तर ते आठवणीने सांगा, उपचार बदलतो.

आणि जनावर मारावं लागलंच, तर डोक्यावर नेम नको. रेबीजची तपासणी मेंदूवर होते. टर्कीसाठी डोकं धरायची सवय हाताला असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.