प्रतिसाद: कप आयता नव्हता, पण शेती क्यूबेकचीच

आइस हॉकीचा क्यूबेक नॉर्डिक्स संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला हलवला गेला आणि पहिल्याच हंगामात उत्तर अमेरिकेतल्या लीगचा स्टॅनले कप जिंकला; म्हणून डेन्व्हरला १९९६ चा कप आयता मिळाला, हे वरचं म्हणणं अर्धंच पटतं. क्यूबेकने १९८९ ते ९१ सलग तीनदा ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिल्या क्रमांकाची निवड केली: सुंडिन, नोलन, लिंड्रोस. कप उचलताना तिघांपैकी एकही संघात नव्हता! लिंड्रोस तर क्यूबेककडून खेळलाच नाही. १९९२ मध्ये त्याच्या बदल्यात फिलाडेल्फियाकडून फोर्सबर्ग, रिची हे खेळाडू, दीड कोटी डॉलर आणि पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडीचे हक्कही आले. त्यातल्याच एका हक्कावर १९९३ मध्ये दहाव्या क्रमांकावर गोलकीपर थिबो घेतला आणि डिसेंबर १९९५ मध्ये तोच देऊन मॉन्ट्रियलचा गोलकीपर पॅट्रिक रॉय आणला. आता गंमत बघा, संघ क्यूबेकमध्येच असता तर मॉन्ट्रियलने कट्टर वैऱ्याला रॉय दिला असता? मला नाही वाटत. बाकी कर्णधार सॅकिक क्यूबेकनेच १९८७ च्या ड्राफ्टमध्ये घेतलेला, तोही पंधराव्या क्रमांकावर.