मदत हवी आहे: बँकेला ३ वर्षांचा बिझनेस प्लॅन हवाय, फॉरमॅट आहे का कुणाकडे?

जॉबवर्कवाला
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत गाळा आहे, व्हीएमसीवर (धातू कापणारं कॉम्प्युटराइज्ड मिलिंग मशीन) जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. दुसरं मशीन घ्यायचंय. कोटेशन हातात आहे, पार्टी लोड (काम) द्यायला तयार आहे, मार्जिन मनीची (स्वतः घालायच्या रकमेची) सोय झाली. आता बँकेतला माणूस म्हणतो ३ वर्षांचं प्रोजेक्शन द्या आणि "तुमची स्ट्रॅटेजी एका पानावर लिहा". स्ट्रॅटेजी काय असणार? माल चांगला द्यायचा, वेळेत द्यायचा! एक कन्सल्टंट हे लिहून द्यायचे २५ हजार मागतोय. कुणाकडे तयार एक्सेल असेल तर द्या. शुक्रवारी बँकेत जायचंय. ज्ञान नको, फॉरमॅट हवा.

खडूस_सीए
मशीन कितीला? कर्ज किती? सध्याचं मशीन किती शिफ्ट चालतं? हे न सांगता फॉरमॅट मागणं म्हणजे रक्त न देता रिपोर्ट मागणं.

मसालेदार
पीएमएफएमईमधून घ्या ना! ३५ टक्के सबसिडी, १० लाखांपर्यंत. आमच्या वहिनींनी मसाल्याच्या चक्कीसाठी घेतली.

खडूस_सीए
ती खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी आहे. हे लोखंड कापतात.

जॉबवर्कवाला
लोखंड नाही, ॲल्युमिनियम. मशीन ३५ लाख, कर्ज २८, ५ वर्षं, ११ टक्के. सध्याचं दोन शिफ्ट. झालं?

लेथ_ते_सीएनसी
पार्टी एकच आहे का? तिचा धंद्यात वाटा किती?

जॉबवर्कवाला
८० टक्के असेल. जुने संबंध आहेत. त्यांचे परचेसवाले स्वतः म्हणाले, मशीन टाका, लोड आम्ही देतो.

लेथ_ते_सीएनसी
लेखी? ओपन पीओ (चालू राहणारी लेखी ऑर्डर) आहे का, महिन्याचं शेड्यूल येतं का, की फोनवर? मला कुदळवाडीत असताना असंच सांगितलं होतं. मशीन आलं आणि त्या साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी पहिल्याच मीटिंगला रेट ८ टक्के खाली मागितला. हप्ता डोक्यावर, मग नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

खडूस_सीए
आता आकडे मांडतो, हेच बँकेला द्या. २८ लाखांचा हप्ता साधारण ६१ हजार. अवर रेट (मशीनच्या तासाचा दर) ४०० धरला आणि २६ दिवस एकच शिफ्ट मिळाली तर २०८ तास, म्हणजे ८३,२०० रुपये. त्यातून हप्ता आणि २२ हजारांचा एक ऑपरेटर गेला की २०० रुपये उरतात. वीज, टूलिंग, कूलंट, गाळ्याचं भाडं त्या २०० रुपयांत बसवा. दोन शिफ्ट भरल्या तर १,६६,४०० येतात आणि गाडी चालते. म्हणजे सगळा प्रश्न दुसरी शिफ्ट कोण भरणार हाच आहे. बँकेतला माणूस स्ट्रॅटेजी म्हणून तेच विचारतोय. आणि पेमेंट किती दिवसांनी येतं?

जॉबवर्कवाला
९०. कधी १००. सगळ्यांचंच तसं आहे.

खडूस_सीए
उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत करावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकवली तर आयकर कायद्याप्रमाणे पैसे देईपर्यंत पार्टीला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. मार्चअखेरीस ते स्वतःच घाई करतात.

लेथ_ते_सीएनसी
हे कायदे सीएच्या केबिनमध्ये छान वाटतात. ८० टक्के लोड देणाऱ्याला कलम दाखवा, पुढच्या महिन्यात माल शेजारच्या गाळ्यात जाईल. आधी दुसरी पार्टी जोडा, मग कलम काढा.

खडूस_सीए
मग मी वेगळं काय म्हणतोय? ती दुसरी पार्टी कोण, तेच प्लॅनमध्ये लिहायचं.

ताम्हिणीतला_पाऊस
पार्ट कुठला आहे ते अजून कुणी विचारलंच नाही!

जॉबवर्कवाला
ऑइल पंपाची बॉडी. टू-व्हीलरची.

ताम्हिणीतला_पाऊस
म्हणजे इंजिनाची. शेजारी आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते, तिला इंजिनच नाही तर ऑइल पंप कुठून असणार? ५ वर्षांचं कर्ज काढताना हे बघायला नको?

गावाकडचा
काही होत नाही हो. आमच्याकडे सगळे पेट्रोलच्याच गाड्या घेतात. घाबरवू नका मराठी माणसाला. म्हणूनच आपण धंद्यात मागे!

ताम्हिणीतला_पाऊस
मागेपुढे सोडा. ब्रेक कॅलिपरची बॉडी इलेक्ट्रिक गाडीलाही लागते आणि व्हीएमसीवरच होते. मशीन तेच, फिक्श्चर (पार्ट धरायचा साचा) आणि टूलिंग बदलायचं. मशीन घेऊ नका असं नाही, पण टेबल साइज आणि चौथ्या ॲक्सिसची (पार्ट फिरवायची) सोय दोन्ही पार्ट डोळ्यासमोर ठेवून ठरवा. कोटेशन फक्त ऑइल पंपाच्या हिशोबाने घेतलंय का?

जॉबवर्कवाला
हो. पार्टीनेच स्पेसिफिकेशन दिलं होतं.

गावाकडचा
अवांतर: किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा कुठल्या कन्सल्टंटला विचारलं होतं?

खडूस_सीए
अहो, नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरेपर्यंत त्यांना दम धरावा लागला. दम धरायलाही गाठीला पैसे लागतात. धागाकर्ते, हातात किती महिन्यांचे हप्ते आहेत?

जॉबवर्कवाला
दीड-दोन. कॅलिपरवाल्या एकांना ओळखतो चाकणला. उद्या गुरुवार, एमआयडीसी बंद, नाहीतर लगेच गेलो असतो. फोन करतो. सेकंडहँड मशीनचा पर्याय कसा आहे?

लेथ_ते_सीएनसी
अर्ध्या पैशात येतं, पण स्पिंडलचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) डायल गेज लावून बघा आणि बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) तपासा.

मसालेदार
किती तास चाललंय ते कंट्रोलवर दिसत नाही का?

लेथ_ते_सीएनसी
फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर दिसतं, पण ते आकडे बदलता येतात. डायलवरच विश्वास ठेवा. आणि विकणाऱ्याला आधी फोन करू नका, न सांगता जा. मशीन आधीच चालवून गरम करून ठेवतात, मग थंड मशीनचे दोष दिसत नाहीत.