मदत हवी आहे: आईचं कॅल्शियम जास्त, थायरॉइड नॉर्मल, मग ही पॅराथायरॉइड काय भानगड आहे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आईसाठी (वय ६३, कराडजवळ गावी असते) माहिती हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं महत्त्वाचं कुठलं ते मला ठरवता येत नाहीये.

आईला मूतखड्याचा त्रास जुना आहे. एकदा दुर्बिणीतून काढला, पुन्हा झाला. अलीकडे हाडं दुखतात, पोट साफ होत नाही, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, वय झालं, कॅल्शियम कमी असणार. म्हणून गोळ्या चालू होत्या. गेल्या महिन्यात ओट्यापाशी तोल गेला, नुसता हात टेकला तर मनगटाचं हाड मोडलं. तेव्हाच्या तपासण्यांत कॅल्शियम जास्त निघालं!

आकडे असे: कॅल्शियम ११.८, अल्ब्युमिन ४.१, फॉस्फरस २.३, क्रिएटिनिन ०.९, ड जीवनसत्त्व १७, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) २.६ आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) १६२ (लॅबनं दिलेली मर्यादा १५ ते ६५). डॉक्टर म्हणाले, पॅराथायरॉइडची गाठ असावी, मानेचा स्कॅन करा, बहुतेक ऑपरेशन लागेल. बाहेर रांग होती, याहून जास्त बोलणं झालं नाही.

गळ्यातली ग्रंथी म्हणजे थायरॉइड, एवढंच आम्हाला माहीत. ती नॉर्मल आहे, तर आजार कुठून आला? रक्तात कॅल्शियम जास्त आणि हाडं ठिसूळ, हे दोन्ही एकदम कसं? ग्रंथी काढली तर तिचं काम कोण करणार? मावशीनं ‘गाठ’ ऐकलं तेव्हापासून घरात रडारड चालू आहे. मामा म्हणतात, गळ्याला चाकू लावू द्यायचा नाही. मला त्यांना नीट समजावून सांगता यायला हवं. कृपया मदत करा.

गारवा

धीर सोडू नका. माझ्या सासूबाईंचं असंच होतं, ऑपरेशन होऊन आता छान आहेत. आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला (ग्रंथींच्या डॉक्टरांना) दाखवा. बाकी जाणकार लिहितीलच.

प्रयोगवही

ताई, मी जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. ऑपरेशनबद्दल बोलणार नाही, पण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ग्रंथींच्या रचनेतच आहेत.

एखादं विशिष्ट द्रव्य तयार करून ते बाहेर सोडणं हेच ज्या पेशींचं मुख्य काम, त्यांचा समूह म्हणजे ग्रंथी. द्रव्य कुठं सोडलं जातं यावरून दोन मोठे गट पडतात. लाळ, घाम, अश्रू, दूध नळीवाटे ठरलेल्या जागी येतात. या बहिःस्रावी ग्रंथी. गालगुंडात सुजते ती कानापुढची लाळग्रंथी घ्या. तिची नळी गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. आरशात नीट पाहिलं तर तिथं बारीकसा उंचवटा दिसतो. स्राव सोडायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत. लाळेची पेशी शाबूत राहून स्राव सोडते, तर त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये पेशी तेलानं भरून स्वतःच फुटते. आईंच्या आजारात त्याचं काम नाही, म्हणून पुढं जातो.

दुसरा गट अंतःस्रावी. यांना नळी नसते. पेशींना लगटून केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि संप्रेरक (हॉर्मोन) थेट रक्तात जातं. मेंदूखालची पियुषिका (पिट्युटरी), थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंडावरची अधिवृक्क या गटातल्या. स्वादुपिंड दोन्हीकडचं आहे. त्याचा बहुतेक भाग पाचक रस करून नळीनं लहान आतड्यात सोडतो, आणि जेमतेम एक-दोन टक्के भागातली पेशींची बेटं रक्तात इन्सुलिन सोडतात.

आता मुद्द्याचं. थायरॉइड आणि पॅराथायरॉइड शेजारी आहेत, पण कामं निराळी. थायरॉइड श्वासनळीच्या पुढं असते. तिच्या आत बंद पुटिका (बारीक पिशव्या) असतात, त्यांत कित्येक आठवडे पुरेल इतका संप्रेरकांचा साठा असतो आणि पियुषिका टीएसएच पाठवून तिला चालवते. पॅराथायरॉइड सहसा चार असतात, थायरॉइडच्या मागच्या अंगाला, एकेक मसुरीच्या दाण्याएवढी. त्यांत पुटिका नाहीत, नुसते पेशींचे गच्च पुंजके. साठाही फारसा नाही आणि पियुषिकेचा हुकूमही नाही. पेशीच्या आवरणावर रक्तातलं कॅल्शियम ओळखणारा ग्राही असतो. कॅल्शियम किंचित उतरलं की काही सेकंदांत पीटीएच सुटतं, चढलं की आवरतं. म्हणून टीएसएच कितीही उत्तम असला तरी पॅराथायरॉइडबद्दल तो काहीच सांगत नाही.

पीटीएच हाडांतून कॅल्शियम सोडवून घेतं. मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फरस टाकायला लावतं. शिवाय तिथंच ड जीवनसत्त्व कार्यक्षम करून आतड्यातलं शोषण वाढवतं. आता आईंचे आकडे बघा. कॅल्शियम ११.८ असताना पीटीएच तळाला जायला हवं होतं. ते १६२ आहे आणि फॉस्फरस कमी. एखादी ग्रंथी ऐकेनाशी झाल्याची ही खूण. रक्तातलं जादा कॅल्शियम बऱ्याच अंशी हाडांतूनच आलेलं आहे. मूत्रपिंड राखून राखून किती राखणार? ते लघवीतही जास्त उतरतं आणि त्याचे खडे होतात. मूतखडा, ठिसूळ हाडं, बद्धकोष्ठ, थकवा या चारही तक्रारी एकाच जागेवरून निघू शकतात.

जाता जाता एक सांगतो, कारण मला ही गोष्ट फार आवडते. ही ग्रंथी आधी गेंड्यात सापडली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांनी ती नोंदवली. माणसातली ग्रंथी इव्हार सँडस्ट्रॉम यांनी उप्साला इथं वैद्यकीय विद्यार्थी असताना शोधली आणि १८८० साली तिचं वर्णन छापलं.

टाकेदोरा

सरांनी पाया छान घालून दिलाय. मी याच विषयातला सर्जन आहे. आईंना तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मला रास्त वाटतो.

मावशींना आधी सांगा की ही गाठ म्हणजे बहुतेक वेळा कॅन्सर नसलेली वाढ असते. या आजारात कॅन्सर शंभरात एकाहूनही कमी जणांना निघतो. दहापैकी आठ जणांत चारपैकी एकच ग्रंथी वाढलेली असते. ती काढली की उरलेल्या तिघी, ज्या इतके दिवस गप्प होत्या, त्या काम उचलतात. कायमच्या गोळ्या सहसा लागत नाहीत. ऑपरेशननंतर काही दिवस ओठांभोवती, बोटांत मुंग्या येऊ शकतात, कारण भुकेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात. त्या काळापुरतं कॅल्शियम देतात.

मामांना सांगा की मूतखडा, हाड मोडणं आणि कॅल्शियमचा आकडा वरच्या मर्यादेपेक्षा एका अंकाहून जास्त वाढणं, यातलं एकेकही ऑपरेशनचा सल्ला देण्याइतकं कारण आहे. आईंना तिन्ही आहेत. जोखीम आहेच. स्वरयंत्राची नस तिथूनच जाते. म्हणून सर्जनला सरळ विचारा, वर्षाला पॅराथायरॉइडची किती ऑपरेशनं करता? या प्रश्नाचा राग येत असेल तर दुसरा सर्जन बघा.

स्कॅन निदानासाठी नसतो. निदान रक्तानं होतं, स्कॅननं जागा कळते. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेला) दोन्ही करतात. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. खालच्या दोन पॅराथायरॉइड गर्भात थायमस ग्रंथीबरोबर खाली सरकतात, त्यामुळे कधी कधी थेट छातीत सापडतात. अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची सहा ऑपरेशनं फुकट गेली. सातव्या वेळी, १९३२ साली, वाढलेली ग्रंथी छातीत मिळाली. तोवर हाडं खचून त्याची उंची कितीतरी घटली होती आणि ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच तो गेला. आज आधी जागा शोधता येते, आणि गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच निम्म्याखाली आलं का ते टेबलावरच पाहता येतं.

त्याआधी दोन गोष्टी. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासलं का? एक आनुवंशिक प्रकार असाच दिसतो आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. लघवीत कॅल्शियम फार कमी निघालं तर त्याची शंका घेतात. दुसरं, आई सध्या कुठली औषधं घेतात? सगळी लिहा, घरगुतीसुद्धा.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मामांना वाचून दाखवले, त्यांनी पहिल्यांदाच शांतपणे ऐकून घेतलं.

आईला फोन केला. लघवीची ती तपासणी झालेली नाही. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी दोन नावं आहेत. कॅल्शियमची गोळी अजून चालूच आहे! शिवाय पित्तासाठी प्रवाळ पिष्टी घेते, मामांनीच आणून दिलेली. दूध, नाचणी बंद करायची का?

टाकेदोरा

बरं झालं विचारलंत. प्रवाळ पिष्टी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. शंख भस्माचंही तेच. ती आणि कॅल्शियमची गोळी, दोन्ही आजच तुमच्या डॉक्टरांना फोनवर सांगा, ते बहुधा थांबवायलाच सांगतील. थायाझाइड मूत्रपिंडात कॅल्शियम अडवून ठेवतं, त्यामुळे आकडा आणखी वर दिसू शकतो. पण बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि काही आठवड्यांनी कॅल्शियम, पीटीएच पुन्हा करा. पीटीएच इतकं जास्त आहे, ते नुसत्या गोळीनं झालं असावं असं मला वाटत नाही.

दूध, नाचणी नेहमीइतकी चालू द्या. आहारातलं कॅल्शियम फार तोडलं तर ती ग्रंथी आणखी चेकाळते. पाणी भरपूर. ड जीवनसत्त्व कमी आहे ते भरून काढावं लागेल, पण बेतानं आणि देखरेखीखाली. मेडिकलमधून साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी परस्पर आणू नका. उलट्या, खूप तहान, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता ताबडतोब दवाखान्यात न्या.

कृष्णाकाठची

लिहून घेतलं सगळं. बुधवारी एंडोक्रायनॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. एक राहिलं. डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेचा) सांगितलाय, त्यात मनगटाजवळचं हाडही बघायचं म्हणतात. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, मग कसं?

टाकेदोरा

डाव्या हाताचा करतील. आधी कधी तोही मोडला असेल तर टेक्निशियनला तेवढं सांगा. आणि हाताचा भाग वगळू नका, कारण या आजारात तिथलं हाड कमरेच्या मणक्यांपेक्षा आधी झिजतं.

गारवा

बुधवारी काय झालं ते इथं नक्की लिहा ताई. सासूबाईंचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे रिपोर्ट आहेत माझ्याकडे, हवे असतील तर आकडे इथं टाकते.